सव्वीस जुलै, पण कुठला?

जुलै संपत आला की मुंबईत नुसतं 'सव्वीस जुलै' म्हणायचं, साल सांगावं लागत नाही. समोरचा लगेच सुरू होतो. मी अंधेरीला होतो, मी सायनला होते, आमचे हे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, आमच्या तळमजल्यावाल्यांचा फ्रीज पाण्यात आडवा तरंगत होता वगैरे वगैरे. लग्नात अनोळखी टेबलावर बसायची वेळ आली आणि बोलायला काही सुचत नसेल तर हा विषय काढावा, हमखास चालतो, फक्त समोरचा तिशीच्या पुढचा आहे ना एवढं बघून घ्यायचं, नाहीतर तो 'हो का, ऐकलंय मी पप्पांकडून' म्हणतो आणि आपण उगाचच म्हातारे होऊन बसतो.

माहेरी कोल्हापूरला गेलं की तीच तारीख बदलते. तिकडं सव्वीस जुलै म्हणजे शाहू महाराजांचा 1902 चा आरक्षणाचा हुकूम, दसरा चौकात पुतळ्याला हार, भाषणं. आणि माझा मावसभाऊ फौजेतून रिटायर झालाय, त्याच्या लेखी सव्वीस जुलै एकच, कारगिलचा, 1999 चा. त्या दिवशी तो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून मेडल लावून गावातल्या कार्यक्रमाला जातो. म्हणजे एकाच घरात तीन सव्वीस जुलै, आणि जेवायला बसल्यावर तिघंही आपापल्या तारखेबद्दल बोलतात, दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही.

हे बघत बघत मला एक गोष्ट खटकायला लागलीय. ज्या दिवसाबद्दल 'तू तेव्हा कुठं होतीस?' असं विचारता येतं तो दिवस आपण धरून ठेवतो. ज्याबद्दल तसं विचारता येत नाही, कारण त्या दिवशी आवाज झाला नाही, धावपळ झाली नाही, नुसता कुठंतरी एक कागद छापला गेला, तो बाजूला पडतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळं त्या कागदांनीच होतं, भलं पण आणि वाटोळं पण.

पण 2005 चं आधी सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय कुठलाच मुंबईकर पुढं सरकू शकत नाही.

मंगळवार होता. गुरुपौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी तेव्हा अंधेरी पूर्वेला नोकरीला, नवीनच, लग्न व्हायचं होतं, कुर्ल्याला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायचे. सकाळी नेहमीसारखा पाऊस, दुपारी दोन-अडीचला बाहेर एकदम असं अंधारून आलं की ऑफिसातले लोक कामं सोडून खिडकीपाशी आले. तीनला साहेब म्हणाले निघा. मी निघाले, ट्रेन बंद, एक बेस्टची बस दिसली ती धरली, आणि ती बस कलिन्याच्या अलीकडं जी उभी राहिली ती राहिलीच. आधी चाकं बुडली, मग पायऱ्या, मग पाणी आत आलं आणि सगळे जण सीटवर पाय घेऊन बसले. पुढं कुणीतरी सीटच्या पाठीवर चढून बसला तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली, त्याआधी गंमतच वाटत होती हे आता सांगताना विचित्र वाटतं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो कंडक्टर. पन्नाशीचा माणूस, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिकिटांचा पत्र्याचा ट्रे त्याने मांडीवर धरला होता, वेगवेगळ्या भाड्याच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, आणि खालच्या दोन गड्ड्या ओल्या झाल्या होत्या त्या तो एकेक करून सोडवत होता. मग त्याने चामड्याच्या बॅगेतल्या नोटा काढल्या, दहाच्या, वीसच्या, आणि समोरच्या सीटच्या दांड्यावर ओळीने वाळत घातल्या. बाहेर छातीएवढं पाणी, आत अंधार, आणि हा माणूस मधूनमधून पंच टकटक करून बघतोय की चालतोय का. मी म्हटलं काका, आता कुठं तिकीट फाडणार आहात. तर म्हणाला, 'ताई, डेपोत हिशोब द्यावाच लागतो, पाऊस पडला म्हणून चालत नाही.' रात्री दहा-अकराच्या सुमाराला बाजूच्या वस्तीतली पोरं दोर घेऊन आली, बायकांना आधी उतरवलं, कुणाच्या तरी पोटमाळ्यावर आम्ही सात-आठ जणी रात्रभर बसलो, त्यांच्या घरात खाली पाणी आणि वर आम्ही, आणि त्या बाईने स्टोव्हवर चहा केला. बिनदुधाचा. त्यानंतर मी पुष्कळ भारीतला चहा प्यायले, तो सोडा.

सकाळी पाणी कमरेवर आलं तेव्हा चालत निघाले. मोबाईल मेलेले. कुठंतरी एका दुकानाबाहेर तो लाल एक रुपयाचा फोनचा डबा चालू होता आणि त्याच्यापुढं ही रांग. माझा नंबर आला, कोल्हापूरला लावला, आईने उचलला आणि हॅलो न म्हणता सुरू, 'हाईस कुठं गं तू? इकडं पंचगंगा चढाय लागलीय, बंधाऱ्यावर काय फूट झालं ते बघायला तुझा बाप गेलाय, आणि तिकडं तुझा फोन लागंना!' कोल्हापुरात पावसाळ्यात हे एकच विचारतात, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका, पोरासोरांना पाठ असतं. मुंबईत तसा पाठ असलेला आकडा कुणाकडं नव्हता. आता आहे, 944.

सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73. हे मला कायम चक्रावून टाकतं, एकच शहर, एकच आकाश, आणि दक्षिण मुंबईतला माणूस संध्याकाळी टीव्ही लावून म्हणतोय काय झालंय काय उपनगरात. राज्यात हजाराच्या वर माणसं गेली. त्यात साकीनाक्याला दरड कोसळून गेलेली आहेत, बंद गाडीच्या काचा न उघडल्याने आत गुदमरून गेलेली आहेत, आणि मुंबईच्या गोंगाटात जी नावं कायम मागं पडतात ती महाड तालुक्यातली जुई आणि दासगाव, तिथं डोंगर खाली आले आणि त्या दोन गावांत मिळून शंभराहून जास्त माणसं गाडली गेली. त्यांचाही सव्वीस जुलैच, किंवा त्याच्या आगेमागे, पण त्यांना लग्नाच्या टेबलावर कुणी विचारत नाही.

आता कागद.

मुंबईत 1985 साली पण मोठा पूर आला होता. तो ओसरल्यावर महापालिकेने सल्लागार नेमले, त्यांनी शहराच्या पावसाळी गटारांचा अभ्यास केला आणि 1993 साली अहवाल दिला, त्याचं नाव ब्रिमस्टोवॅड, हे नाव मुंबईकरांनी 2005 नंतरच ऐकलं. त्यात साधं सांगितलं होतं की तुमची गटारं इंग्रजांच्या वेळची, ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशोबाने बांधलेली, ती ताशी 50 ची करा, समुद्राच्या तोंडाशी पंपिंग स्टेशनं बांधा, कारण भरतीच्या वेळी पाणी बाहेर जात नाही, उलट आत येतं. खर्च काढला होता सहाशे कोटींच्या आसपास. आणि मग तो अहवाल बारा वर्षं जवळजवळ तसाच राहिला. थोडंफार काम झालं असेल, नाही असं नाही, पण 2005 ला जे पाणी आलं त्याला त्या थोड्याफारचा काय पत्ता लागणार.

मिठीचं तर विचारूच नका. विहार-पवईच्या तलावांचं वाहून आलेलं पाणी घेऊन माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी पंधरा-सोळा किलोमीटरची नदी, पण आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना ती नदी आहे हेच 27 जुलैला कळलं, तोपर्यंत ती 'नाला' होती. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलं, काटकोनात मुरडलं, बाजूने भराव, वांद्र्याच्या तोंडाला तिवरं आणि खाजण बुजवून मोठमोठी ऑफिसं. यातलं काहीही एका दिवशी झालं नाही. प्रत्येकाला एकेक मंजुरी होती, प्रत्येक मंजुरीची एकेक तारीख होती, त्यातली एकही तारीख कुठल्याच कॅलेंडरवर नाही. नंतर पुराची कारणं शोधायला नेमलेल्या माधवराव चितळे समितीने हे सगळं नीट मांडलं. 26 जुलैला पाऊस पडला, एवढंच त्या दिवसाचं. पूर त्याच्या आधी वीस-तीस वर्षं हळूहळू बांधून होत आला होता.

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका आहेत, रिटायर्ड, ते रोज पहाटे 'आजचे दिनविशेष' टाकतात, वर कमळ, खाली 'सुप्रभात'. सव्वीस जुलैला त्यांची लिस्ट वाचावी. 1856 बर्नार्ड शॉ यांचा जन्म, 1953 क्युबात फिडेल कॅस्ट्रोचा हल्ला, 1956 सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण, 1999 कारगिल विजय, 2005 मुंबईत महापूर, मग कुणीतरी नटी, तिचा वाढदिवस. सगळे एकाच रांगेत, रेशनच्या दुकानापुढं पिशव्या ठेवून उभे असल्यासारखे, कुणाचा कुणाशी संबंध नाही, फक्त नंबर लागलाय.

तरी त्या रांगेतल्या एकेकाला बाजूला घेऊन बसलं की मजा येते. कॅस्ट्रोचंच घ्या. सव्वीस जुलैला त्याने सँतियागो शहरातल्या मोंकाडा बराकीवर हल्ला केला तो साफ फसला, साथीदार मारले गेले, तो स्वतः पुढं पकडला गेला. आणि नंतर त्याच्या चळवळीचं नावच '26 जुलै चळवळ', आणि क्युबात हा राष्ट्रीय सणाचा दिवस. हरलेल्या दिवसाचा सण करायला छाती लागते, हे मला आवडतं, बाकी त्याच्या राज्यकारभाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

सुवेझवाल्या नासेरचं, इजिप्तच्या अध्यक्षाचं, त्याहून भारी. अलेक्झांड्रियात सभा, हजारो लोक, रेडिओवरून भाषण चालू, आणि त्याने आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवलेलं की माझ्या तोंडून 'द लेसेप्स' हे नाव आलं की कालव्याच्या कंपनीच्या ऑफिसांत घुसायचं. द लेसेप्स म्हणजे कालवा खणवणारा फ्रेंच गृहस्थ. आता माणसांना ऐकू गेलं नाही तर काय, म्हणून नासेरने भाषणात ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं, दहा-बारा वेळा तरी. भाषण संपेपर्यंत कालवा इजिप्तचा झालेला. या कालव्याशी आपल्या मुंबईचं नातं जवळचं, 1869 ला तो उघडला आणि युरोपहून येणाऱ्या बोटींना आफ्रिकेचा वळसा वाचला, त्यानंतर मुंबई बंदर जे फुगलं ते सगळ्यांना माहीतच आहे.

काकांच्या लिस्टमध्ये एक मात्र कधीच नसतं, 1945 चं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये मतदान झालं 5 जुलैला पण निकाल लागला 26 जुलैला, कारण जगभर पसरलेल्या सैनिकांची मतं गोळा करून आणायची होती, तीन आठवडे पेट्या कुलपात. उघडल्या तर महायुद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलचा पक्ष पडलेला, मजूर पक्षाचे 393 निवडून आलेले, ॲटली पंतप्रधान. आणि त्याच दिवशी जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून जपानला शरण या म्हणून जो जाहीरनामा निघाला त्यावर चर्चिलचं नाव आहे. संध्याकाळी माणूस खुर्चीवरून गेला. चर्चिल राहिला असता तर आपलं स्वातंत्र्य 1947 ला आलं असतं का यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही, पण आपल्या दिनविशेषात या पेट्यांना जागा नसावी याचं नवल वाटतं. आवाज नाही ना झाला आपल्याकडं.

कारगिलचा आवाज झाला. कारगिल आपल्याकडचं टीव्हीवर दिसलेलं पहिलं युद्ध, तोफा प्रत्यक्ष उडताना आम्ही जेवताना बघितल्या. त्याच दिवसांत इंग्लंडला वर्ल्ड कप चालू होता, 8 जूनला मँचेस्टरला पाकिस्तानशी मॅच, व्यंकटेश प्रसादने पाच घेतले आणि 47 रन्सनी आपण जिंकलो, आणि तिकडं तोलोलिंगच्या चढावर लढाई अजून चालूच होती, ते हातात आलं पाच दिवसांनी, टायगर हिल 4 जुलैला. 527 जवान गेले. मावसभाऊ याबद्दल फार बोलत नाही. आम्ही लहान-मोठे सगळे त्याला घेरायचो, सांग ना, सांग ना, तो थंडीचं सांगायचा, डाळ शिजत नाही त्या उंचीवर हे सांगायचा, बोटं बधिर होतात, बुटाची लेस बांधता येत नाही हे सांगायचा. गोळ्यांचं नाही. आमच्या जिल्ह्यात शिरोळकडं सैनिक टाकळी म्हणून गाव आहे, नावातच सैनिक, तिकडच्या घराघरांत अशी माणसं भेटतील, विचारलं तर हवापाण्याचं बोलतील.

यावरून आठवलं, आमच्या वडिलांचा वाढदिवस एक जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तारीख विचारली, आईबापांना ठाऊक नाही, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने एक जून टाकला आणि सगळे मोकळे झाले. आजी सांगायची, 'ज्या वर्साला आपली तांबडी गाय व्याली त्या वर्साला ह्यो.' आता बँकेत, पेन्शनला, आधारला सगळीकडं एक जून, आणि एक जूनला वडिलांना मोबाईल कंपनीचा मेसेज येतो, हॅपी बर्थडे, आणि ते मनापासून खूश होतात. गावाकडं काळ मोजायची रीतच वेगळी होती, बहात्तरचा दुष्काळ, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप, पानशेत फुटलं ते साल. हे पण सगळे आवाजच. आजीचं श्राद्ध आम्ही तिथीने करतो, वाढदिवस तारखेने, शिवजयंतीवरून तर राज्यभर दोन तट पडले, तारीख की तिथी, आणि दोन्हीकडचे लोक दोन्ही दिवशी मिरवणुकीत असतात हा भाग वेगळा.

शाळेत दिनविशेषाचा फळा माझ्याकडं होता. अक्षर बरं होतं म्हणून. प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं जायचं, खडू पाण्यात बुडवून ओला करायचा, ओल्या खडूने लिहिलं की आधी काही दिसतच नाही, नुसती ओलसर रेघ, आणि वाळत गेलं की अक्षर पांढरंशुभ्र वर येतं, ते बघत उभं राहायला मला फार आवडायचं. वर सुविचार, खाली दिनविशेष. मजकूर सर एका जुन्या वहीतून द्यायचे. सव्वीस जुलैला त्या वहीत काय होतं माहितीये? बर्नार्ड शॉ. सरांनी वर्गात सांगितलं पण होतं की यांच्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, आणि आमच्यातल्या एकीने लगेच तिथंच ते स्वगत म्हणून दाखवलं. छान झालं ते. पण ही शाळा कोल्हापुरातली! जिथं तो हुकूम निघाला त्याच गावातली, जुन्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि फळ्यावर डब्लिनला जन्मलेला माणूस.

तर तो हुकूम.

शाहू महाराजांनी 1894 ला कारभार हातात घेतला तेव्हा दरबारातल्या वरच्या 71 जागांपैकी 60 ब्राह्मणांकडं होत्या. कारकुनांच्या 500 जागांत ब्राह्मणेतर फक्त 10. पुढं 1899 च्या सुमाराला पंचगंगेवर वेदोक्ताचा वाद झाला, राजाला स्वतःच्या राज्यात पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदातले, मंत्र म्हणायला तयार नाही, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर भाषणं पण पुष्कळ होतात. पण एक दिवस चिडला आणि दुसऱ्या दिवशी हुकूम काढला, असा तो माणूस नव्हता. आधी 1901 ला मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग. कारण त्यांच्या लक्षात आलेलं की नुसत्या जागा ठेवून काय करायचंय, त्या जागेवर बसायला शिकलेलं पोरगं पाहिजे, आणि पोरगं शिकायला शहरात राहिलं पाहिजे, आणि राहायला खोली आणि भाकरी पाहिजे. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली. दसरा चौकातून चक्कर मारली तर त्यातल्या कितीतरी इमारती अजून दिसतात, आम्ही त्यांच्यासमोर भेळ खात मोठे झालो.

आणि हुकूम निघाला त्या दिवशी, शनिवार होता तो, 26 जुलै 1902, महाराज कोल्हापुरात नव्हतेच. ते लंडनला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला हिंदुस्थानातले राजे बोलावले होते त्यात हे पण गेलेले. जयपूरचे महाराज तर चांदीचे प्रचंड हंडे भरून गंगाजल घेऊन गेले होते, परदेशातलं पाणी नको म्हणून. समारंभ ठरला होता 26 जूनचा, आणि 26 जून म्हणजे शाहू महाराजांचाच वाढदिवस, अठ्ठाविसावा. पण दोनच दिवस आधी एडवर्डच्या पोटात अपेंडिक्सचं झालं, ऑपरेशन करावं लागलं, सगळं पुढं ढकललं ते 9 ऑगस्टला झालं. म्हणजे बादशहाचं पोट, लंडनमधले ताटकळलेले राजे, आणि इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात चार ओळींचा मजकूर. राजा अठ्ठावीस वर्षांचा. मी अठ्ठावीसची असताना सुट्टीचा अर्ज नीट लिहिता येत नव्हता.

मजकूर काय होता ते बघा. इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, शेकडा 50, मागासलेल्या वर्गांसाठी. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असे दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ज्या ऑफिसात हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथं पुढची नेमणूक याच लोकांतून करायची. आणि शेवटी, सगळ्या खात्यांच्या प्रमुखांनी या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारकडं पाठवायचा. बस. 'आम्ही थोर', 'ऐतिहासिक', 'क्रांतिकारी' असला एकही शब्द नाही.

माझा जीव त्या शेवटच्या कलमावर आहे. पहिली तीन वाक्यं कुठल्याही भल्या माणसाने लिहिली असती, चौथं लिहायला ऑफिस कसं चालतं ते कळावं लागतं. खातेप्रमुख काय करतात हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं, हो म्हणतील, मान डोलावतील आणि पुढची जागा भाच्याला देतील. म्हणून तिमाही तक्ता. तुम्ही दिली का नाही हे तुम्हीच सहीनिशी लिहून पाठवायचं, वर्षातून चार वेळा.

माझ्या आईचे वडील कागल तालुक्यातले. 1930 च्या दशकाच्या शेवटी-शेवटी ते कोल्हापूरला एका बोर्डिंगात राहायला आले, घरातलं शिकणारं पहिलं पोरगं. येताना डोक्यावर ट्रंक नव्हती, घोंगड्यात बांधलेलं बोचकं होतं. ते सांगायचे की पहिल्या महिन्यात त्यांना सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला असेल तर कंदिलाचा, अभ्यासाला म्हणून वेगळा कंदील, कारण घरी दिवा फक्त जेवणापुरता लावायचे. दोघांत एक कंदील, त्यावरून मारामाऱ्या. पुढं ते प्राथमिक शिक्षक झाले, चार पोरींना शिकवलं, त्यातली एक माझी आई, आणि आई शिकली म्हणून मी मुंबईला नोकरीला येऊन त्या बसमध्ये अडकू शकले, असा हा सगळा धागा आहे. आता आजोबांना कुणी विचारलं असतं की 26 जुलै 1902 ला तुम्ही कुठं होता, तर ते जन्मले पण नव्हते. तरी माझ्या मते आमच्या घराचा सगळ्यात मोठा सव्वीस जुलै तोच, 944 मिलिमीटर त्यापुढं काही नाही. हे मी जेवताना म्हटलं तर मावसभाऊ म्हणाला, 'असं कसं, अक्का?' आणि आई म्हणाली आधी भात घे.

एक गोष्ट आहे मात्र. त्या हुकुमावर लोक तेव्हा पण तुटून पडले, आता पण त्याच 50 या आकड्यावरून कोर्टं, मोर्चे, उपोषणं चालूच आहेत, आणि दोन्ही बाजूचे लोक महाराजांचाच फोटो घेऊन उभे असतात. त्यावर मी इथं लिहीत बसत नाही, तो वेगळा लेख होईल आणि घरात भांडण होईल ते वेगळं.

पण गटारांचं म्हणायचं तर 1993 च्या त्या अहवालाला कुणी चौथं वाक्य जोडलं असतं तर? किती नाले रुंद झाले, किती अडले, कुणामुळं अडले, दर तीन महिन्यांनी सहीनिशी कळवा. पैसा लागतो, झोपड्यांचं पुनर्वसन लागतं, सगळं मान्य, पण निदान विचारणारं कुणी पाहिजे. 2005 नंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं झाली, मोगरा आणि माहुल ही दोन नावं मात्र मी वर्षानुवर्षं पेपरात 'लवकरच' या शब्दाबरोबर वाचतेय. आणि दर मे महिन्यात ती दुसरी बातमी येते, नालेसफाई अमुक टक्के पूर्ण. आमचे हे पेपर वाचता वाचता न चुकता विचारतात, कशाचे टक्के? आधी गाळ किती होता ते कुणी मोजलंय? मग मी त्यांना करवीर गॅझेटातलं ते तक्त्याचं कलम सांगते, ते म्हणतात की कोल्हापूरकरांना काहीही विचारलं तरी शाहू महाराजांवरच येतात, आणि मी म्हणते, येणारच.